शाकारणीचा हिशेब

वैशाख सरत आला, आंबा घाटाच्या माथ्यावर दुपारनंतर ढगांची जमवाजमव सुरू झाली आणि कोकणातून वर चढणाऱ्या वाऱ्याला ओलसर वास येऊ लागला, म्हणजे शाहूवाडी तालुक्यातल्या जुन्या घरांच्या छपरांवर माणसे चढलेली दिसू लागतात. कौले ओळीने उतरवायची, त्यांच्या खाली वर्षभर साचलेला पाचोळा, चिमण्यांची घरटी आणि उंदरांनी नेऊन ठेवलेल्या चिंध्या झाडून काढायच्या, रिपा ठोकून पाहायच्या, कुजलेला वासा बदलायचा, तडकलेली कौले निवडून बाजूला टाकायची आणि उरलेली पुन्हा एकावर एक नीट बसवायची, असा हा उद्योग मृग लागण्याच्या आत उरकावा लागतो. याला शाकारणी म्हणतात. ज्या मुलखात पाऊस दिवसच्या दिवस आडवा झोडपतो, त्या मुलखात एक वर्षाची शाकारणी चुकली तर घराचे आयुष्य किती वर्षांनी घटते, हे कोणत्याही वास्तुशास्त्रज्ञापेक्षा इथला सुतार अधिक बिनचूक सांगतो.

या तालुक्यातील मलकापूर हे गाव कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, कडवी नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. रस्त्याने जाणाऱ्याला एसटी स्थानक, बाजाराची गर्दी आणि दुकानांचे फलक यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. पण मुख्य रस्ता सोडून आतल्या पेठेत शिरले की हे गाव एके काळी एका संस्थानाची राजधानी होते याची साक्ष देणारे जोते, कमानी आणि दिंडीदरवाजे अजून भेटतात. 1844 साली कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी बंड केले, ते मोडून काढल्यावर इंग्रजांनी या भागातील किल्ल्यांची तटबंदी पाडण्याचे सत्र आरंभिले, आणि विशाळगडावर पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे पंतप्रतिनिधींचे घराणे गड सोडून मलकापुरास आले. जहागीरदाराच्या मागून कारकून आले, सावकार आले, भिक्षुक आले, सोनार-कासार आले. आणि प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे जांभ्याचे जोते घातले, पांढरीच्या मातीच्या भिंती उभ्या केल्या आणि सह्याद्रीतून उतरवलेल्या लाकडाच्या तुळया त्यांवर चढवल्या. राजधानीचे वैभव मावळले, संस्थाने विलीन झाली, आणि आज मलकापूर ही राज्यातल्या सर्वांत लहान नगरपरिषदांपैकी एक, 'क' वर्गातली नगरपरिषद आहे.

अशाच एका घरी मी गेल्या वैशाखात गेलो होतो. दर्शनी सोपा, त्यामागे चौक, चौकाच्या तीन अंगांना माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर, मागे परसू. घर सात खणांचे आहे, पण त्यातले तीन खण कुलूपबंद, कारण ते ज्या चुलतभावांच्या वाट्याचे आहेत ते मुंबईस असतात आणि गणपतीत आले तर येतात. घर सांभाळणाऱ्या काकूंनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांनी मला माजघरातली तुळई दाखवली. वरून ती निरोगी दिसत होती. सुताराने पटाशीचे टोक टेकवताच ते निम्म्याहून अधिक आत गेले आणि बारीक पीठ भुरभुरत खाली आले. वाळवीने आतून पोखरून वर फक्त साल शिल्लक ठेवली होती. तुळई भिंतीत जिथे रुतते तिथे, छपराच्या एका सरकलेल्या कौलातून दोन-तीन पावसाळे पाणी मुरत राहिले आणि लाकूड ओले होऊन वाळवीला वाट मिळाली. सुताराने बोटांनी हिशेब केला, सागाचा घनफुटाचा भाव सांगितला, आणि काकू गप्प झाल्या.

‘एवढ्यात नवीन खोली हुईल की,’ त्या नंतर म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि या लेखाचा विषय तेवढाच आहे. जुनी वास्तू टिकावी असे वाटणारे पुष्कळ असतात; ती टिकवण्याचा खर्च मात्र जो तिच्या छपराखाली राहतो त्याच्याच कनवटीला पडतो. ज्या गोष्टीत साऱ्या गावाचा लाभ आहे, तिच्या खर्चात गावाने, म्हणजे गावच्या नगरपरिषदेने किंवा पंचायतीने, काही वाटा उचलावा की नाही, आणि उचलायचा तर कोणत्या रीतीने, हा प्रश्न जगातल्या अनेक देशांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत सोडवण्याचा यत्न केला आहे. आपणही केला आहे. परंतु आपण योजलेला उपाय मुंबईच्या मापाने बेतलेला असल्याने मलकापुराच्या अंगाला तो बसत नाही.

आपल्याकडे पूर्वी ही सोय नव्हती असे नाही. 1671-72 साली शिवाजी महाराजांनी किल्ल्यांवरील इमारतींच्या कामासाठी 1,75,000 होनांची तरतूद लावून दिली होती, आणि तीत रायगडाकरिता 50,000, तर विशाळगडाकरिता 5,000 होन नेमले होते. मला या यादीत रकमेपेक्षा तिची रीत अधिक लक्षणीय वाटते : पैसा आधी नेमलेला, गड नावानिशी लिहिलेला, म्हणजे हवालदाराने दरसाल पदर पसरण्याची आवश्यकता नाही. देवळांच्या बाबतीत हीच रीत इनामजमिनींच्या रूपाने चालत आली. दिवाबत्ती, पूजाअर्चा आणि देवळाची डागडुजी यांसाठी जमीन तोडून दिली, सनद करून दिली, आणि जमिनीचे उत्पन्न हेच त्या वास्तूचे कायमचे वेतन झाले. कोल्हापूर भागातील अशी तीन हजारांहून अधिक देवस्थाने आज पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या कारभाराखाली आहेत. सावकाराच्या किंवा कारकुनाच्या वाड्यास मात्र कधीच कोणी इनाम दिले नाही. तो मालकाच्या बरकतीवर उभा राहिला आणि बरकत सरली की खचू लागला.

स्वतंत्र महाराष्ट्रात खाजगी मालकीच्या ऐतिहासिक वास्तूंचा विचार कायद्याने प्रथम गांभीर्याने झाला तो मुंबईत, 1995 साली. त्या वर्षी मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंसंबंधीचे नियम अंतर्भूत झाले, सहाशेहून अधिक वास्तू व परिसर यांची यादी प्रसिद्ध झाली, त्यांची पहिली, दुसरी आणि तिसरी अशी श्रेणी ठरली, आणि यादीतल्या इमारतीत फेरफार करण्यापूर्वी वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेणे आवश्यक झाले. देशात अशा प्रकारची ही पहिली नियमावली. मालकाचे हात बांधणाऱ्या कायद्याने त्याच्या हातावर काही ठेवलेही पाहिजे, हे तिच्या कर्त्यांना कळत होते, म्हणून तिच्यात तीन सवलती आल्या. यादीतली वास्तू जशीच्या तशी राखण्याचे मान्य करणाऱ्या मालकास निवासी जागेचा काही भाग, समितीच्या संमतीने, कचेरी किंवा उपाहारगृह अशा उत्पन्न देणाऱ्या उपयोगात आणता येईल, ही एक. दुरुस्तीस द्रव्यसाहाय्य करण्यासाठी एक स्वतंत्र निधी उभारून तो महापालिका आयुक्तांच्या स्वाधीन ठेवता येईल, ही दुसरी. या दुसऱ्या कलमातील ‘ठेवता येईल’ या क्रियापदाकडे वाचकाने क्षणभर पाहावे. कायद्यात जिथे ‘ठेवण्यात येईल’ असे असते तिथे कधी ना कधी पैसा येतो; ‘ठेवता येईल’ असे असते तिथे तो येईलच याची शाश्वती नसते.

तिसरी सवलत हस्तांतरणीय विकास हक्काची, जिला सारे जण टीडीआर या आद्याक्षरांनी ओळखतात. तिचे तत्त्व समजण्यास सोपे आहे. समजा, गिरगावात एखाद्याचा 500 चौरस मीटरचा भूखंड आहे आणि तिथे 1.33 इतका चटई क्षेत्र निर्देशांक लागू आहे, तर त्यावर 665 चौरस मीटर बांधकाम करण्याचा त्याला अधिकार आहे. उभे असलेले जुने घर अवघे 300 चौरस मीटरचे आहे. घर वारसा यादीत गेल्याने वर मजला चढवता येत नाही, म्हणजे 365 चौरस मीटरचा त्याचा हक्क अडकून पडला. या अडकलेल्या हक्काचे महापालिकेने प्रमाणपत्र करून द्यावे, आणि मालकाने ते ज्याला अन्यत्र इमारत उंच करायची आहे अशा बांधकामदारास विकावे. घर राहिले, हक्काचे पैसे झाले आणि महापालिकेच्या तिजोरीतून एक छदामही गेला नाही, अशी ही तिहेरी किमया आहे. न्यूयॉर्कने ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या बाबतीत 1960 च्या दशकाच्या अखेरीस ही वाट चोखाळली होती. अहमदाबादेने, जिच्या जुन्या शहरास 2017 साली जागतिक वारसा नगरीचा मान मिळाला, पोळ नावाच्या जुन्या वस्त्यांमधील लाकडी घरांसाठी हीच युक्ती योजली. महाराष्ट्रातही ती पुढे मुंबईबाहेर पसरली आणि राज्याच्या टीडीआर धोरणात वारसा वास्तूंच्या अडकलेल्या हक्काला स्थान मिळाले.

आता हे प्रमाणपत्र घेऊन आपण मलकापुरात येऊ. काकूंच्या घराचा हक्क अडकला असे मानू, आणि नगरपरिषदेने तो कागदावर लिहून दिला असेही मानू. हा कागद विकत कोण घेणार? ज्या गावात पेठेबाहेर पाऊल टाकताच मोकळी जमीन मिळते, दोन मजल्यांच्या वर बांधण्याची कोणाला निकड नाही, तिथे हवेतले चटई क्षेत्र विकत घेणारे गिऱ्हाईक मिळणे शक्य नाही. टीडीआर हे चलन जमिनीच्या टंचाईवर चालते. टंचाई नसेल तिथे ते खोट्या नाण्याहून वेगळे नाही. शाहूवाडी, चंदगड, आजरा, गगनबावडा अशा गावांसाठी वेगळा विचार करायला हवा होता, आणि तो फारसा कोणी केल्याचे दिसत नाही.

परदेशांत लहान गावांसाठी निराळ्या वाटा आहेत. इंग्लंडात 1962 साली खास एक कायदा करून स्थानिक स्वराज्य संस्थांना ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीसाठी मालकास अनुदान किंवा कर्ज देण्याचा अधिकार मिळाला. त्या संस्थांच्या हाती आज जो कायदा आहे त्यात, अनुदान घेतल्यावर 3 वर्षांच्या आत मालकाने इमारत विकली तर दिलेली रक्कम परत मागण्याची मुभाही आहे. सार्वजनिक पैशातून दुरुस्त झालेले घर लगेच चढ्या भावाने विकून कोणी नफेखोरी करू नये, यासाठी ही खुंटी मारून ठेवलेली. कॅलिफोर्नियात 1972 च्या मिल्स कायद्यान्वये मालक आणि नगरपालिका यांच्यात करार होतो. किमान 10 वर्षांचा हा करार दरसाल आपोआप पुढे सरकतो. मालकाने घर ठरल्या रीतीने राखायचे आणि नगराने त्याच्या मालमत्ता करात सूट द्यायची. आपल्या देशात पुदुच्चेरीला तमिळ वस्तीतील वैश्यांच्या रस्त्यावर घरांचे दर्शनी भाग पूर्ववत करताना खर्च मालक आणि प्रकल्प यांनी वाटून घेतला, आणि एका घरापुरता न राहता सबंध रस्त्याचा चेहरा परत आला. पुढे त्या कामास युनेस्कोचे पारितोषिकही मिळाले.

यांपैकी करसवलतीची वाट आपल्याला सर्वांत सोपी वाटते, कारण तिची सवय आहे. पुण्यासारख्या महापालिका पावसाचे पाणी साठवणाऱ्यास आणि सौर ऊर्जा वापरणाऱ्यास मिळकतकरात टक्के दोन टक्के नव्हे, पाच-दहा टक्क्यांपर्यंत सूट देतात; मग जुने छप्पर राखणाऱ्यास का नको? हा प्रश्न मीही उत्साहाने मांडत असे. काकूंनी घरफाळ्याची पावती दाखवली तेव्हा तो उत्साह ओसरला. मातीच्या भिंतींच्या, जुन्या घराचा घसारा वजा जाता जो आकार होतो, तो मुळात इतका थोडा असतो की तो सबंध माफ केला तरी एका वर्षाच्या शाकारणीच्या मजुरीला पुरणार नाही. कॅलिफोर्नियाच्या मालकास जो कर डोईजड होतो, तो मलकापुरात नाममात्र आहे. म्हणून घरफाळ्याची माफी हा इथे मान होईल, साहाय्य होणार नाही. मान द्यायला हरकत नाही, पण त्याने तुळई बदलत नाही.

सरकारी पैसा वारशाकडे जातच नाही, असे म्हटले तर अन्याय होईल. जिल्हा वार्षिक योजनेतील काही टक्के रक्कम गडकोट, मंदिरे आणि संरक्षित स्मारके यांच्यासाठी राखण्याचे धोरण अलीकडे आले आहे, आणि महाराष्ट्र वैभव नावाच्या योजनेत खाजगी संस्थेस राज्य संरक्षित स्मारक संगोपनासाठी घेता येते. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापुरातील केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर, आगीत भस्मसात झाले तेव्हा राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी काही दिवसांतच निधी जाहीर केला. पण हा ओघ वळतो तो शासनाच्या, महापालिकेच्या किंवा देवस्थानाच्या मालकीकडे. विशाळगड राज्य संरक्षित आहे, म्हणून त्याच्यासाठी कागदावर निदान एक रकाना आहे. गड सोडून खाली आलेल्या माणसांनी जी घरे बांधली त्यांच्यासाठी रकाना नाही. आणि जिथे पैसा पोहोचत नाही तिथे वारसा या शब्दाबरोबर लोकांना फक्त निर्बंध आठवतात. शेजारच्या पन्हाळ्यावर, जो जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला, रहिवाशांनी आधी विरोधाचा सूर लावला होता तो याच धास्तीने. गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला ‘तुझे घर जगाच्या मालकीचे झाले’ असे सांगितले, तर छप्पर गळू लागल्यावर जग येणार आहे काय, असे त्याने विचारणे स्वाभाविकच आहे.

याहून विचित्र गोष्ट अशी की प्रोत्साहन आहे, पण ते उलट्या दिशेला. ज्या कुटुंबाकडे पक्के घर नाही, त्यास शहरी भागात स्वतःच्या जागेवर घरकुल बांधण्यासाठी प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे 2.5 लाख रुपये मिळत आले. योजना गरजूंसाठी आहे आणि तिने पुष्कळांना डोक्यावर छप्पर दिले आहे, हे मनापासून मान्य करून मी एवढेच म्हणतो, की तिच्या दृष्टीने मातीच्या भिंतीचे घर हे ‘कच्चे’ घर असते. शंभर वर्षे पाऊस खाऊन उभी असलेली, हातभर रुंदीची, उन्हाळ्यात थंड राहणारी भिंत कच्ची, आणि सिमेंटची विटेएवढी भिंत पक्की! जो गरीब मालक भिंत राखतो त्याला काही मिळत नाही. जो पाडतो त्याच्या खात्यावर हप्ते जमा होतात.

त्यात भाऊबंदकीची भर पडते. काकूंच्या मालमत्ता पत्रकावर चौदा नावे आहेत, त्यांपैकी चार जण हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांच्या नोंदी झालेल्या नाहीत. दुरुस्तीसाठी कर्ज मागावे तर बँक चौदाजणांच्या सह्या मागते. घर पाडून तिथे सदनिका उभारू म्हणणारा बांधकामदार मात्र प्रत्येकाला स्वतंत्र गाठतो, प्रत्येकास आकडा सांगतो, आणि सह्या महिन्याभरात गोळा होतात. याचे कारण शोधायला दूर जायला नको : सदनिकांची वाटणी होते, चौकाची होत नाही. जुने घर हे एकत्र कुटुंबाचे स्थापत्य आहे, आणि कुटुंब विभक्त झाल्यावर ते कायद्याच्या दृष्टीने केवळ एक अविभाज्य अडचण बनून राहते.

मलकापुरासारख्या नगरपरिषदेने काही करावयाचे झाले तर मोठ्या योजनेची गरज नाही, असे मला वाटते. पेठेतील जुन्या घरांची मोजदाद करावी. छप्पर आणि तुळया एवढ्यांपुरताच दुरुस्तीचा निम्मा खर्च, ठराविक मर्यादेत, द्यावा. तो बिले मंजूर झाल्यावर दिवाळीत न देता चैत्रात, सामान घेताना, हाती ठेवावा, जशी पूर्वी पेरणीच्या तोंडावर तगाई दिली जाई. राहत्या भागीदाराने इतरांना नोटीस दिली आणि कोणी हरकत घेतली नाही तर त्याच्या एकट्याच्या अर्जावर मंजुरी मिळावी. आणि घर 10 वर्षांच्या आत पाडले तर रक्कम घरफाळ्याच्या थकबाकीप्रमाणे वसूल व्हावी. अंदाजपत्रक मात्र सुताराने आणि गवंड्याने करावे. सरकारी दरसूचीचा सारा कल सिमेंट-लोखंडाकडे असतो, आणि चुन्याच्या घाण्यात गूळ आणि बेलफळ किती घालायचे हे ज्या गवंड्याला ठाऊक आहे त्याचे नाव ठेकेदारांच्या यादीत नसते. एका कार्यालयात मी हे सारे सविस्तर बोलून दाखवले तेव्हा समोरच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि अर्ज कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखल करू, असे विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

काकूंच्या तुळईला शेवटी सुताराने तोड काढली. पोखरलेला शेवट कापून तिथे किंजळीचा जोड दिला, खाली एक खांब उभा केला, आणि भिंतीतल्या ओलीत पुन्हा लाकूड रुतू नये म्हणून टोकाखाली जांभ्याची चिप बसवली. काम दोन दिवसांत झाले. नंतर शाकारणीला माणसे वर चढली तेव्हा फुटलेल्या कौलांच्या जागी घालण्यासाठी परसातून कौले येऊ लागली. जुनी, पण एकाच मापाची, एकाच छापाची, घराच्या कौलांशी तंतोतंत जुळणारी. एवढी कौले कुठून मिळाली, असे मी विचारले.

‘पल्याडचा वाडा उतरवला की दोन सालांमागं,’ काकू म्हणाल्या. ‘तवा तीनशे घिऊन ठिवली. आता साठ ऱ्हायल्यात.’